एका ट्रान्सफॉर्मरचं डिझाइन दोन देशांत कसं होतं: हॅस्ब्रो आणि ताकारा टॉमी

प्रश्न असा आला आहे: ट्रान्सफॉर्मर्सच्या, म्हणजे दुमडून गाडीचा किंवा प्राण्याचा रोबो होणाऱ्या, खेळण्यावर हॅस्ब्रो (अमेरिकन कंपनी) आणि टॉमी (म्हणजे जपानची ताकारा टॉमी) अशी दोन नावं कोरलेली असतात. मग त्याचं डिझाइन नेमकं कोण करतं? अमेरिकन लोक कल्पना काढतात आणि जपानी ती बनवून देतात, असं समजायचं का? प्रश्नकर्त्यांचा मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला या कामात शिरायचं आहे, म्हणून काय शिकावं हेही विचारलं आहे.

मी प्लास्टिकच्या भागांचं डिझाइन आणि मोल्डचं, म्हणजे ते भाग ओतायच्या साच्यांचं, काम करतो, त्यात खेळणी बरीच येतात. या दोन कंपन्यांत मी नोकरी केलेली नाही. पण त्यांचे डिझायनर कितीतरी वर्षं मुलाखतींतून आणि प्रदर्शनांतून आपलं काम उघडपणे दाखवत आले आहेत, आणि उरलेलं खेळणं खोललं की दिसतं. कुठे सढळ हातानं खर्च केलाय आणि कुठे हात आखडलाय, हे मोल्डवाल्याला स्क्रू काढल्या काढल्या कळतं.

‘कल्पना अमेरिकेची, कारागिरी जपानची’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. सुरुवातीला तर कारभार उलटाच होता. आणि आज दोघांनी पेन्सिल हातात घेण्याआधीच खेळण्याची किंमत ठरलेली असते. माझ्या मते या सगळ्या सहकार्याची किल्ली त्या किमतीत आहे.

आधी उलटा कारभार कसा होता ते सांगतो, कारण त्याचे परिणाम आजही खेळण्यांत दिसतात.

ताकारा ही तोक्योची कंपनी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्याकडे रूप बदलणाऱ्या रोबोंच्या दोन वेगळ्या मालिका होत्या. १९८० मध्ये निघालेली डायाक्लोन ही पहिली. तिच्यात गाड्या आणि विमानांचे रोबो होत, आणि ते चालवायला इंचभर उंचीची माणसं मिळत. दुसरी १९८३ ची मायक्रो चेंज. तिच्यात रोज हाताळायच्या वस्तूंचे रोबो होत: पिस्तूल, कॅसेट प्लेअर, कॅमेरा, खेळण्यातली छोटी गाडी. डायाक्लोनची मोटार खऱ्या मोटारीच्या साधारण साठाव्या हिश्शाची, तर मायक्रो चेंजचं पिस्तूल जवळपास खऱ्या मापाचं.

मायक्रो चेंजची वंशावळ मजेशीर आहे. ताकारानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हॅस्ब्रोचा सैनिक बाहुला, जी. आय. जो, परवाना घेऊन जपानमध्ये विकला. त्याच शरीराचा पारदर्शक अवतार म्हणजे १९७२ चा हेनशिन सायबोर्ग. पुढे तो आकारानं आक्रसला आणि १९७४ मध्ये मायक्रोमॅन झाला. मायक्रो चेंज ही त्याचीच पोटमालिका. थोडक्यात, अमेरिकेचा बाहुला जपानला गेला, लहान होत होत रोबोंच्या घराण्यात शिरला आणि १९८४ मध्ये हॅस्ब्रोच्याच खोक्यात परत आला. (जी. आय. जोची पुढची, लहान मापाची मालिका फनस्कूलनं भारतातही विकली. नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना आठवत असेल.)

ताकाराची ही खेळणी हॅस्ब्रोच्या गळी उतरवण्यात हेन्री ओरेनस्टाइन या खेळण्यांच्या संशोधकाचा मोठा वाटा होता. हा माणूस नाझींच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेला. पोकरच्या खेळात टेबलाखालून पत्ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंटही त्याचंच. त्यानं हॅस्ब्रोला पटवलं की दोन्ही मालिका एका छत्राखाली आणा आणि एक कथा द्या. हॅस्ब्रोनं तयार खेळणी उचलली, काहींचे रंग बदलले आणि कथेचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे दिलं. जिम शूटरनं कथेचा आराखडा लिहिला. बॉब बुडियान्स्कीनं बहुतेकांना नावं, स्वभाव, शत्रुत्वं दिली. ताकाराचा ‘बॅटल कॉन्वॉय’ हा लाल ट्रक ऑप्टिमस प्राइम झाला, पिस्तुलाचा मेगाट्रॉन झाला आणि कॅसेट प्लेअरचा साउंडवेव्ह.

म्हणजे आधी जपानचं यंत्र, मागाहून अमेरिकेची गोष्ट. पिस्तूल झालेला मेगाट्रॉन दुसऱ्याच्या हातात मावतो आणि रोबो झाला की ट्रकएवढ्या ऑप्टिमसला भिडतो, हे लहानपणी ज्यांना खटकलं असेल त्यांनी कोणा डिझायनरला दोष देऊ नये. दोन मालिकांच्या मापांचा मेळ कोणी घातलाच नव्हता, कारण त्या एकत्र येणार आहेत हे बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. शिवाय हॅस्ब्रोनं घाईघाईत ताकाराबाहेरूनही माल उचलला. जेटफायर हे विमान ताकातोकु या दुसऱ्या जपानी कंपनीच्या मोल्डमधलं होतं. कार्टूनमध्ये त्याचं रूप आणि नाव दोन्ही बदलावं लागलं.

ताकारानं स्वतः जपानमध्ये ट्रान्सफॉर्मर्स हे नाव घेतलं ते १९८५ मध्ये. डायाक्लोनचा साठा संपत आला तशी या मालिकेसाठीच नवी खेळणी बनू लागली आणि पारडं हळूहळू फिरलं. १९८६ च्या चित्रपटासाठी आखलेल्या युनिक्रॉन या ग्रहाएवढ्या खलनायकाचं खेळणं तेव्हा नमुन्यापलीकडे गेलं नाही, २००३ मध्ये ते पहिल्यांदा बाजारात आलं. कागदावर काहीही काढता येतं, ते घडी होईलच असं नाही, याचा हा जुना दाखला.

खरं वळण आलं १९९६ च्या बीस्ट वॉर्समध्ये. हॅस्ब्रोच्या ताब्यातल्या केनर या कंपनीनं ही मालिका हाताळली. गाड्यांऐवजी प्राणी: ऑप्टिमस गोरिला, मेगाट्रॉन डायनासोर. गाडीचं अंग सपाट पत्र्यांचं असतं, ते कुठेतरी दुमडता येतं. प्राण्याला सपाट बाजूच नसते, आणि त्याचे पाय दोन्ही रूपांत हलावे लागतात. त्यामुळे ताकाराच्या इंजिनिअरांनी बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत गोळा फिरणारे सांधे, मनसोक्त वापरले. आज ट्रान्सफॉर्मर गुडघा वाकवून, खांदा फिरवून उभा राहतो ही अपेक्षा तिथून रुजली. १९८४ च्या कित्येक रोबोंना गुडघे होते ते फक्त घडी घालण्यापुरते.

२००२ च्या आर्माडा या मालिकेपासून दोन्ही कंपन्या मालिका सुरुवातीपासून एकत्र आखू लागल्या. २००६ मध्ये ताकारा आणि टॉमी यांचं विलीनीकरण झालं आणि आजचं ताकारा टॉमी हे नाव आलं.

आता मूळ प्रश्नाकडे. आज काम कसं चालतं?

सुरुवात हॅस्ब्रोकडे होते, आणि ती चित्रानं होत नाही. पुढच्या वर्षी दुकानातल्या फळीवर काय काय असेल हे ठरतं: छोटी किती, मधली किती, मोठी किती. चाहते ज्यांना ‘साइज क्लास’ म्हणतात ते खरं तर किमतीचे वर्ग आहेत. डीलक्स साधारण साडेपाच इंच, व्हॉयेजर सात इंचांच्या आसपास, लीडर त्याहून मोठा, आणि टायटन दोन फुटांच्या घरात. प्रत्येक वर्गाला प्लास्टिक किती, सुटे भाग किती, रंगाचे हात किती, याची मर्यादा असते. पात्र कोणत्या वर्गात बसवायचं हे ठरलं की त्याचं निम्मं नशीब ठरलं. म्हणून ‘माझ्या आवडत्या पात्राचे कोपर का फिरत नाहीत’ याचं उत्तर बहुतेक वेळा इंजिनिअरकडे नसतं, ते वर्षभर आधीच्या त्या तक्त्यात असतं.

मग हॅस्ब्रोचा डिझायनर चित्रं काढतो. रोबो पुढून, मागून, बाजूनं, गाडीही तशीच. जुन्या कार्टूनशी किती इमान राखायचं, चेहरा कसा, छातीवर काय दिसलंच पाहिजे, पुढे याच मोल्डमधून आणखी कोणतं पात्र काढायचं, हे सगळं त्यात येतं. कधी कधी घडी कशी पडेल याचा त्याचा अंदाजही रेखाटलेला असतो. चित्रपटातलं पात्र असेल तर आणखी एक पक्ष येतो. २००७ च्या चित्रपटापासून पडद्यावरचा रोबो संगणकात घडतो, तिथे हजारो तुकडे एकमेकांतून आरपार सरकले तरी कोणाचं काही बिघडत नाही. खेळण्यात दोन तुकडे एका वेळी एका जागी राहू शकत नाहीत. ही मारामारी ताकारा टॉमीच्या इंजिनिअरच्या टेबलावर येऊन पडते.

तो जे करतो ते जरा नीट सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना वाटतं बिजागऱ्या लावल्या की झालं.

गाडीचं रूप म्हणजे एक पोकळ कवच. रोबोचं रूप म्हणजे धड, डोकं, दोन हात, दोन पाय. गाडीच्या वेळी रोबो कवचाच्या पोटात मावला पाहिजे आणि रोबोच्या वेळी ते कवच कुठेतरी नाहीसं झालं पाहिजे. ते नाहीसं होत नाही. छप्पर पाठीवर जातं, बॉनेट छातीवर नाहीतर पावलांवर, दारं हातांवर किंवा पाठीमागे पंखांसारखी. चार चाकांना जागा शोधावी लागते, ती बहुधा घोट्यांजवळ आणि खांद्यांमागे मिळते. जे कुठेच लपत नाही त्या लोंबणाऱ्या तुकड्यांना चाहते ‘किबल’ म्हणतात. पाठीवरचं मोठं गाठोडं हे किबलचं नेहमीचं रूप.

१९८४ च्या ऑप्टिमसकडे बघा. हिरोयुकी ओबारा या डिझायनरच्या नावावर हे काम आहे, आणि त्यातली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे ट्रकची केबिन हेच धड. समोरच्या काचा छातीवर आपोआप येतात, काही लपवावंच लागत नाही. पाय केबिनच्या मागे ट्रकचा चासी होऊन लांब पडतात. हात मात्र बसेनात, म्हणून मुठी सुट्या दिल्या, रोबो झाला की लावायच्या. त्या किती मुलांनी हरवल्या असतील! आजच्या ऑप्टिमसला मुठी आत वळवून घ्याव्या लागतात, त्या मनगटाच्या एका वळणासाठी हाताच्या आत पोकळी ठेवावी लागते, आणि ती पोकळी दिसू नये म्हणून आणखी एक झाकण. एका सुट्या मुठीचं कर्ज असं वाढत जातं.

उलट टोकाला बम्बलबी या पात्राची कितीतरी खेळणी आहेत. पडद्यावर त्याच्या छातीवर गाडीचं नाक दिसतं. खेळण्यात खरं नाक तिथे आणलं तर गाडी रुंद आणि रोबो ढेरपोट्या होतो. म्हणून छातीवर दुसरं, लहानसं खोटं नाक देतात आणि खरं पाठीवर दडवतात. शुद्धतावादी चाहते यावर चिडतात. मी चिडत नाही. त्या किमतीत नीट दिसणारा रोबो आणि नीट दिसणारी गाडी दोन्ही हवी असतील तर कुठेतरी अशी लबाडी करावीच लागते.

घडीचा विचार झाला की कच्चा नमुना बनतो. पूर्वी प्लास्टिकच्या पट्ट्या कापून, चिकटवून हातानं करत. आता संगणकावर भाग आखून थ्री-डी प्रिंटरवर काढतात. हा करडा, बेरंग नमुना हाच दोन्ही कंपन्यांमधला खरा संवाद. चित्रावर वाद घालता येतो, हातातल्या नमुन्यावर घालता येत नाही. हॅस्ब्रोकडून शेरे येतात: डोकं मोठं हवं, मांड्या बारीक, कंबर फिरायला हवी. ताकारा टॉमीकडून उत्तर जातं: कंबर फिरवायची तर गाडी मधोमध तुटते, मग छप्पर दोन तुकड्यांत करावं लागेल, भाग वाढतील. ते भाग कुठून आणायचे? पावलांची वेगळी हालचाल सोडता का? अशा सौद्यांतून खेळणं घडतं. अमेरिकेचा पूर्व किनारा आणि तोक्यो यांच्यात उन्हाळ्यात १३ आणि हिवाळ्यात १४ तासांचं अंतर आहे. एकाची संध्याकाळ म्हणजे दुसऱ्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ. कोणीतरी एक कायम अवेळी मीटिंगला बसलेला असतो, पण फाइल संध्याकाळी पाठवली की सकाळी तिच्यावर काम झालेलं मिळतं हा फायदाही आहे.

नमुना मंजूर झाला की माझ्या धंद्याचा भाग सुरू होतो, आणि लोक इथेच सर्वांत कमी लक्ष देतात.

मोल्डमध्ये वितळलेलं प्लास्टिक रनरमधून, म्हणजे साच्यातल्या नाल्यांतून, वाहत प्रत्येक भागाच्या गेटपाशी, म्हणजे आत शिरायच्या तोंडापाशी, पोचतं. एका रनरवर जे भाग असतील ते एका शॉटमध्ये (एका ओतीत), एकाच रंगाचे आणि एकाच प्लास्टिकचे निघतात. म्हणून कोणता भाग कोणाशेजारी बसवायचा हा निर्णय आजच्या खेळण्यापुरता नसतो. समजा मांडी आणि शिरस्त्राण एकाच रनरवर ठेवलं. पहिल्या पात्राचं दोन्ही निळं, छान. पुढच्या वर्षी याच मोल्डमधून ज्याची मांडी पांढरी आणि शिरस्त्राण काळं असं पात्र काढायचं ठरलं, तर शिरस्त्राण रंगवावं लागेल. रंगवायचं म्हणजे मास्क, स्प्रे, सुकवणं आणि प्रत्येक नगाला हाताळणी. म्हणून हॅस्ब्रोनं पुढची दोन-तीन पात्रं आधीच सांगितलेली असावी लागतात, आणि इंजिनिअर त्या हिशेबानं भाग पांगवतो. बदलायचं डोकं, बदलायचं बॉनेट यांच्या वेगळ्या इन्सर्टची (साच्यात बदलून बसवायच्या तुकड्यांची) तजवीजही तेव्हाच होते. जुन्या काळी हे सरळ होतं: स्टारस्क्रीम, स्कायवॉर्प आणि थंडरक्रॅकर हे १९८४ चे तिघे एकाच मोल्डमधले, फक्त रंग वेगळे. आयर्नहाइड आणि रॅचेट एकाच निस्सान व्हॅनचे.

काचांचा घोटाळा तर प्रत्येक गाडीत असतो. काच पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची. खिडकी वेगळी ओतून बसवायची तर भाग वाढतो, म्हणून पुष्कळदा अख्खं छप्परच पारदर्शक ओततात आणि खिडक्या सोडून बाकीचं गाडीच्या रंगानं रंगवतात. मग रंगवलेलं लाल आणि शेजारच्या दाराचं ओतीव लाल कधीच जुळत नाही. हाताशी एखादा असेल तर उजेडात धरून बघा. शिवाय पॉलिकार्बोनेट ताणाखाली तडकतं, त्यात घट्ट पिनचं बिजागर दिलं तर वर्षा-दोन वर्षांत चीर पडू शकते. अनुभवी डिझायनर पारदर्शक भागात बिजागर टाळतो, पण घडी तिथेच पडत असेल तर नाइलाज होतो. सांध्यांचे झिजणारे भाग बहुधा पीओएम या प्लास्टिकचे, कवच एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचं, आणि शिंगं, अँटेना अशी टोकं मऊ प्लास्टिकची, डोळ्यात जाऊ नयेत म्हणून.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर धुराड्यांची गोष्ट सांगतो. २००३ मध्ये ताकारानं मास्टरपीस मालिकेतला पहिला कॉन्वॉय (ऑप्टिमसचं जपानी नाव) काढला. मोठ्या माणसांसाठी, धातूचे भाग, वजनदार, केबिनमागे दोन उंच धुराडी. हॅस्ब्रोनं तोच अमेरिकेत विसाव्या वाढदिवसाचा ऑप्टिमस म्हणून आणला तेव्हा धुराडी आखूड होऊन आली. तिथल्या नियमांनुसार मूल खेळण्यावर पडलं तर अंगात घुसेल असं ताठ टोक चालत नाही. एकच मोल्ड, एकच पात्र, पण तोक्योतल्या संग्राहकाला पूर्ण धुराडी आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला कापलेली. त्याच सुमारास पुन्हा काढलेल्या जुन्या खेळण्यांची क्षेपणास्त्रंही अमेरिकेत लांब करण्यात आली, घशात अडकू नयेत म्हणून. सत्तरच्या दशकाच्या शेवटी खेळण्यातल्या क्षेपणास्त्रानं अमेरिकेत एका मुलाचा जीव गेला होता, तेव्हापासून तिथले लोक उडणाऱ्या तुकड्यांबाबत फार कडक आहेत. १९८४ मध्येही डायाक्लोनच्या जोरकस स्प्रिंगा हॅस्ब्रोनं ढिल्या केल्या होत्या. आणि मेगाट्रॉनचं पिस्तूल? खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांवर अमेरिकेत १९८८ मध्ये कायदा झाला, १९९३ मध्ये मेगाट्रॉन रणगाडा होऊन आला.

चाचण्यांचा धाकही डिझाइनला वळण देतो. ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठीचं खेळणं अमेरिकेत ३ फुटांवरून ४ वेळा पाडून बघतात, तुटून धार किंवा टोक बाहेर आलं की नापास. आठ वर्षांवरच्यांसाठी काढलेल्या गुंतागुंतीच्या रोबोंत पॅनेल जोर पडला की निखळून येतात आणि पुन्हा बसतात. लोकांना तो दोष वाटतो. ती सोय आहे, मोडण्यापेक्षा निखळणं परवडतं.

दोघांच्या बाजारातला फरक फार वर्षं उघड दिसायचा. २००३ च्या बायनलटेक या मालिकेत ताकारानं १:२४ मापाच्या, परवाना घेतलेल्या खऱ्या मोटारी काढल्या, धातूच्या अंगाच्या आणि रंगवलेल्या. हॅस्ब्रोनं त्याच गाड्या अल्टरनेटर्स म्हणून प्लास्टिकच्या अंगानं विकल्या, किंमत खाली राहावी म्हणून. मोटार कंपन्याही अशा वेळी तिसऱ्या भागीदार होतात: नाकाची रेषा, चाकांचं माप, चिन्ह, सगळ्याला त्यांची मंजुरी. फोक्सवॅगननं त्या काळात परवाना दिला नाही, आणि २००७ च्या चित्रपटात मुळात त्यांची बीटल गाडी असलेला बम्बलबी शेवरोले कमॅरो झाला. नेहमीच्या मालिकांतही जपानी आवृत्तीला रंग जास्त, चमक जास्त असे. २०१८ च्या सुमारास हे जवळजवळ संपलं, आता मुख्य मालिकेचा माल दोन्हीकडे सारखाच येतो. एकाच मालाच्या दोन आवृत्त्या रंगवण्यात कारखान्याचे पैसे फुकट जातात, म्हणून मला हा निर्णय पटतो. जुन्या जपानी आवृत्त्यांच्या प्रेमात असलेले माझे मित्र मात्र अजून शोक करतात.

किंमत आधी हा नियम मोडला तर काय होतं हे बघायचं असेल तर २०१९ चा युनिक्रॉन बघा. हॅस्ब्रोनं आधी पैसे गोळा करून मग बनवायची पद्धत वापरली: ५७४.९९ डॉलर किंमत, किमान ८,००० गिऱ्हाइकं हवीत. मुदत वाढवावी लागली, पण आकडा गाठला. २७ इंचांचा तो रोबो दुकानाच्या फळीसाठी कधीच मंजूर झाला नसता.

ही जोडी एकमेव नव्हती, हेही नोंदवतो. पॉपी-बांदाई या जपानी कंपन्यांची मशीन रोबो मालिका टोन्का या अमेरिकन कंपनीनं गोबॉट्स म्हणून आणली, तीही १९८३-८४ मध्येच. खेळणी वाईट नव्हती. पण पात्रांत जीव ओतण्याचं काम मार्व्हलनं हॅस्ब्रोसाठी जितकं मन लावून केलं तसं तिथे झालं नाही. १९९१ मध्ये हॅस्ब्रोनं टोन्काच विकत घेतली, गोबॉट्स हे नावही त्यांच्याकडे गेलं.

तेव्हा डिझाइन कोण करतं? काय बनवायचं, कोणासाठी आणि कितीत, हे मुख्यतः हॅस्ब्रो. ते दुमडेल कसं, हे मुख्यतः ताकारा टॉमी. मास्टरपीससारख्या मालिकांत पुढाकारच तोक्योचा. हॅस्ब्रोत काम केलेले ॲरन आर्चर आणि जॉन वॉर्डन, ताकारात काम केलेले हिदेआकी योके आणि शोगो हासुई यांची नावं चाहत्यांना पाठ असतात ती यामुळेच: दोन्ही टोकांना अशी माणसं आहेत ज्यांचा हात ओळखू येतो.

आता मुलाविषयी.

मेकॅनिकलचा पाया उपयोगी आहे, पण कॉलेजात शिकवतात ती यंत्ररचना पुरत नाही. प्लास्टिक पार्ट डिझाइन शिकायला हवं: ड्राफ्ट (भाग साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार), भिंतीची जाडी, सिंक मार्क (पृष्ठभागावर पडणारे खळगे), अंडरकट (साच्यात अडकणारा आकार), स्नॅप फिट (दाबून बसणारा जोड). पुणे परिसरातल्या एखाद्या चांगल्या टूल रूममध्ये (साचे बनवणाऱ्या कार्यशाळेत) वर्षभर उमेदवारी केली तर हे हाताला लागतं. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम या कामाचं रीतसर शिक्षण देते. डिझाइनच्या बाजूनं जायचं असेल तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात टॉय अँड गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. जपानी शिकावी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारखी ठिकाणं हाताशी असताना न शिकण्याला कारण नाही, आणि जपानी इंजिनिअर आपल्या नमुन्यांवर भाषेत नव्हे तर रेखाटनांत बोलतात म्हणून थोडक्यात भागेल असंही समजू नये.

अभ्यासाला खेळणी लागतील. भारतात ती महाग पडतात, कारण खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण सक्तीची आहे. नवा लीडर घेण्यापेक्षा वापरलेले दोन डीलक्स घ्यावेत: एक जुना, २०१० च्या आधीचा, आणि एक अलीकडचा. खोक्यावर रूपांतराच्या पायऱ्यांचा आकडा असतो, त्यावर न जाता प्रत्येक पायरीत किती भाग हलतात ते मोजावं. मग दोन्ही खोलून सगळे भाग रंगांनुसार मांडावेत आणि एका रनरवर कोणते असतील याचा अंदाज बांधावा. हा सराव कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त शिकवतो. त्यानंतर सनबोर्ड आणि टाचण्यांनी स्वतःची एक गाडी दुमडून बघावी, चेहरा-बिहरा नंतर.

खोलताना एक काळजी. स्क्रू सोपे असतात, धातूच्या पिना नाहीत. पिनेच्या एका टोकाला बारीक खाचा असतात, त्यांनीच ती प्लास्टिकमध्ये धरून राहते. गुळगुळीत टोकाकडून ढकलून खाचांचं टोक आलं त्याच बाजूनं बाहेर काढायचं. उलट ठोकली तर खाचा अख्ख्या भोकातून फरफटत जातात, भोक मोठं होतं आणि तो सांधा पुन्हा घट्ट बसत नाही.